रिकामा जिझो

फुसाएने पाच वर्षं सही केली नाही, आणि म्हणून आपला नवरा चौथ्या वर्षी भाड्याच्या खोलीत मेला, असं किनुएच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टरांनी कागदावर यकृताचा आजार लिहिला होता. पण ओकेया गल्लीत काय घडलं ते डॉक्टरांना काय माहीत असणार? तेरुओ शेवटपर्यंत विचारत होता, "पाया खणायला घेतला का गं?" आणि किनुए सांगत होती, "नाही. फुसाची सही बाकी आहे."

गल्लीच्या जागी आता एकेचाळीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. तळघरात खाण्यापिण्याची दुकानं, वर कपड्यांची, त्यावर दवाखाने, मग सातवा आणि आठवा मजला गल्लीतल्या जुन्या मालकांचा, मग ऑफिसं, मग हॉटेल, आणि अगदी वर श्रीमंतांची घरं. कंपनीने त्याला असं फिरंगी नाव ठेवलंय की गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते टॅक्सीवाल्याला धड सांगता येत नाही. सत्तावीस घरांची गल्ली होती. सव्वीस घरांनी सह्या केल्या आणि ओसाकाच्या चार टोकांना भाड्याच्या खोल्यांत जाऊन बसली. सत्ताविसावं घर ताटामी चटया विणणाऱ्याच्या विधवेचं, निशिवाकी फुसाएचं. कोर्टात जाऊन तिला हटवता आलं असतं, पण कंपनीला बोभाटा नको होता.

तिला पैसे नको होते, मोठं घर नको होतं. तिला गल्लीच्या तोंडाशी असलेला दगडी जिझो हवा होता, आहे तिथेच, बोटभरही न सरकवता. मेलेल्या लहान मुलांना जिझो पदराखाली घेतो, आणि फुसाएची मिओ चार वर्षांची असताना तापाने गेली होती, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. पण नकाशात नेमकी त्याच जागी हॉटेलच्या गाड्यांचा उतार येत होता. शेवटी कंपनीने लिहून दिलं की जिझो "आवारातच" ठेवला जाईल. त्या एका शब्दावर फुसाएने सही केली.

शब्द पाळला गेला. टॉवरचं आवार मोठं आहे. जिझो मागच्या बाजूला, कचऱ्याच्या खोलीच्या भिंतीला लागून आला.

राहायला आल्यावर फुसाए रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांकडे टॉवेल घेऊन गेली. समोरची तीन घरं, बाजूची दोन, वरचं एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही टॉवेल तिच्या दाराच्या मुठीला अडकवलेले होते, वेष्टनसुद्धा न फोडता. त्यातला एक किनुएने अडकवला होता. माणूस वाळीत टाकलं तरी आग लागली किंवा मयत झालं तर जायचं, एवढं जुन्या गावांतही पाळत असत. टॉवरमध्ये आग विझवायला छतातून पाणी येतं आणि मयत उचलायला कंपनी येते. तेव्हा तेवढीही अडचण कोणाला उरली नाही.

हे सगळं उघड होतं. आतली गोष्ट वेगळीच होती.

दगडाची मूर्ती हलवायची तर आधी भिक्षूला बोलावून तिच्यातला प्राण काढून घ्यावा लागतो. नव्या जागी बसवली की तो परत घालायचा. मधल्या काळात मूर्ती म्हणजे नुसता दगड, तिच्यावर पाय ठेवला तरी पाप नाही. गल्ली पाडायच्या आधी मंदिरातले म्हातारे भिक्षू आले, जिझोला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, मंत्र म्हटले आणि प्राण काढला. फुसाए लांब उभी राहून रडत होती, ते सगळ्यांनी पाहिलं. टॉवर झाला तेव्हा मात्र अध्यक्ष ओगितांनी शेवाळलेल्या दगडाला हातच लावला नाही. ओगितांचं गल्लीत तांदळाचं दुकान होतं. आता ते सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि तांदूळ विकताना नव्हता एवढा त्यांचा आवाज जड झाला होता. त्यांनी लाकडाचा नवा जिझो करून घेतला, आठव्या मजल्यावरच्या सभागृहात काचेच्या पेटीत बसवला, आणि भिक्षूंकडून प्राण त्याच्यात घालून घेतला. फुसाए सोडून सगळे हजर होते. केक होता, कॉफी होती.

दगड मागे तसाच राहिला. फुसाएला वाटलं, प्राण घातला असेल, आपल्याला बोलावलं नसेल, एवढंच. ती रोज सकाळी त्याला आंघोळ घालू लागली.

पहिल्यांदा कोणी हसलं नाही. सांगायचं म्हटलं तरी तिच्याशी बोलायचं नव्हतं, त्यामुळे सगळे मूग गिळून बसले. हसणं नंतर आलं, आणि ते ओगितांनी आणलं.

गल्लीत जिझोच्या सेवेची एक लाकडी पाटी असायची. ज्याच्या दारावर पाटी, त्याने महिनाभर झाडायचं, फुलं बदलायची. महिना संपला की पाटी शेजारच्या दारावर जायची. एका बैठकीत ओगिता म्हणाले, "ती जुनी पाटी टाकून कशाला द्यायची? निशिवाकी-सानच्या दारावर लावू."

"आणि पुढच्या महिन्यात?" कोणीतरी विचारलं.

"पुढच्या महिन्यात काय? दगडाला महिना कळतो का?"

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. किनुएसुद्धा हसली, आणि तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तेरुओ गेल्यापासून ती तशी हसली नव्हती.

पाटी लागली आणि फुसाए सुखात पडली. ओगितांच्या गणितात हे नव्हतं. ती लिफ्टमध्ये ताठ उभी राहू लागली. तिने दगडासाठी लाल लाळेरं शिवलं, थंडीत टोपी विणली. हॉटेलचे पाहुणे वाट चुकून मागे यायचे, त्यांना ती वाकून नमस्कार करायची, आपल्याच घरी आल्यासारखं. वाळीत टाकलेल्या बाईने असं हसतमुख राहावं, हे आठव्या मजल्याच्या डोळ्यात खुपू लागलं. पण सांगितलं तर गंमत संपेल, न सांगावं तर ही सुखी. अशी तीन वर्षं गेली.

किनुएचं तळघरात लोणच्यांचं दुकान होतं. रोज सकाळी रिकामे खोके घेऊन ती कचऱ्याच्या खोलीकडे जायची. फुसाए तिथे बादली घेऊन बसलेली असायची, वाकून "सुप्रभात" म्हणायची. किनुए खोके टाकून परत फिरायची. शाळेत एका बाकावर बसलेल्या होत्या दोघी.

यंदा ऑगस्टमध्ये, जिझोचा सण आठवड्यावर आला असताना, फुसाए सुप्रभातवर थांबली नाही.

"किनुचान, तू बोलू नकोस. तुझ्यावर येईल. नुसतं ऐक," ती दगडाचं लाळेरं बदलत म्हणाली. तिने वर पाहिलंही नाही. "तेरुओ-सान माझ्यामुळे गेले. मला कळतं ते. तुझ्या दारात येऊन माफी मागायची सोय नाही, म्हणून मी इथे मागते. रोज. तीन वर्षं झाली. जिझोला सांगते, माझा निरोप पोचव त्यांच्यापर्यंत. आणि मिओला म्हणते, लोणचंवाले काका आलेत तिकडे, तुला काकडी द्यायचे बघ, त्यांच्याकडे लक्ष ठेव."

किनुएच्या हातातले खोके खाली पडले. तिने ते उचलले, जागेवर ठेवले आणि निघून गेली.

दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मिठाचा अंदाज दोनदा चुकला. राग कशाचा येतोय तेच तिला कळेना. संध्याकाळी कळलं. तेरुओची माफी रोज मागितली गेली होती, एक दिवस न चुकता, आणि ती सगळी त्या कचऱ्याच्या भिंतीपाशी दगडात जिरली होती. तेरुओपर्यंत काही पोचलं नव्हतं. आणि पाटीवर हसणाऱ्यांत ती होती.

दया आली असं म्हणू नये. किनुएला आपल्या नवऱ्याचा निरोप नवऱ्यापर्यंत जायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुकान सुनेवर टाकून ती मंदिरात गेली.

म्हातारे भिक्षू आता अंथरुणाला खिळले होते. मंदिर बापाकडून मुलाकडे जातं, तसा त्यांचा मुलगा शुनकाई सगळं बघायचा. तिशीचा, स्कूटरवरून फिरणारा, हेल्मेट काढलं की डोक्यावर त्याचा वळ उमटलेला.

"म्हणजे दगडात परत प्राण घातलाच नाही?" त्याने विचारलं. "बाबा कसे विसरले?"

"विसरले नाहीत. त्यांना कोणी सांगितलं नाही की कोणी पूजा करतंय."

"कोण करतंय?"

"एक बाई."

"आणि तिला माहीत नाही." त्याने मान खाली घातली. गल्लीचं राजकारण त्याच्याही कानावर होतं. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तो ओबासान, म्हणजे मावशी, म्हणायचा. "एका दिव्याने दुसरा दिवा लावता येतो, ओबासान. वरच्या जिझोचं काही कमी होणार नाही. मी येतो. पण अध्यक्षांना विचारलंत ना?"

"गुपचूप करायचंय. गुरुवारी दहाला. गुरुवारी दहाला ती पाचव्या मजल्यावर डोळ्याच्या डॉक्टरकडे असते. अकरापर्यंत सुटत नाही."

किनुएला वाटलं, झालं. फुसाला कधी कळायचं नाही, ओगितांना कधी कळायचं नाही, आणि शुक्रवारपासून निरोप पोचू लागतील. आपण एवढं साधं काम तीन वर्षं का केलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. परतताना तिने सुनेसाठी तांदळाची मिठाई घेतली.

गुरुवारी शुनकाई स्कूटरवरून मागच्या दाराने आला. पिशवीतून त्याने पांढरं कापड काढलं, उदबत्ती लावली. फुसाने घातलेलं लाळेरं आणि टोपी किनुएने काढून आपल्या एप्रनच्या खिशात ठेवली. दगड डोक्यापासून पायापर्यंत कापडात गुंडाळला गेला. शुनकाई मंत्र म्हणू लागला. कचऱ्याच्या खोलीतला पंखा घरघरत होता, त्यामुळे तो जरा मोठ्याने म्हणत होता.

डोळ्याचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. दारावर चिठ्ठी लावली होती. फुसाए चिठ्ठी वाचून सरळ खाली आली, कारण दुपारच्या उन्हाआधी फुलं बदलायची होती.

ती कोपऱ्यावर थांबली. तिच्या हातात पिवळी शेवंती होती. तिने पांढरं कापड पाहिलं आणि मंत्र ऐकला. बाहेरच्या कोणाला काही कळलं नसतं. त्याला वाटलं असतं, भिक्षू पूजा करतोय. पण फुसाए ओकेया गल्लीत जन्मलेली होती. प्राण काढताना कोणता मंत्र म्हणतात आणि घालताना कोणता, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं. तिने मन लावून ऐकलं, आणि आपली ऐकण्यात चूक होत नाहीये याची खात्री करून घेतली.

"घालताय?" तिने विचारलं.

शुनकाई थांबला. किनुएकडे बघू लागला.

"घालताय म्हणजे आत काही नव्हतं," फुसाए म्हणाली.

"ओबासान, भावना जिथे असते तिथे..." शुनकाईने सुरुवात केली.

"तुमच्या बाबांनी कधी असं म्हटलं नसतं. नव्हतं ना काही?"

"नव्हतं," तो म्हणाला.

फुसाएने शेवंती खाली ठेवली, नीट, देठ एका बाजूला करून. "किनुचान, तुला माहीत होतं?"

किनुएच्या तोंडात खोटं तयार होतं. कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. पण तिने जे म्हटलं ते खोट्यापेक्षा वाईट होतं.

"सगळ्यांना माहीत होतं, फुसाचान."

फुसाए मग मान हलवू लागली, हळूहळू, एकेक गोष्ट जागेवर बसत असल्यासारखी. "म्हणून पाटी पुढे गेली नाही. मला वाटायचं, शिक्षा दिली आहे. मी म्हणायचे, असू दे, शिक्षा गोड आहे." ती थांबली. "मग खरा कुठे आहे?"

"आठव्या मजल्यावर. सभागृहात."

"ओबासान, मी पुरं करतो," शुनकाई म्हणाला. "पाच मिनिटं लागतील. मग इथेही..."

"नको." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मिओ वर आहे. तीन वर्षं वर आहे ती, आणि तिची आई खाली कचऱ्यापाशी बसून भलत्याशीच बोलतेय. काय वाटलं असेल तिला? हाक मारून मारून थकली असेल." आणि ती लिफ्टकडे चालू लागली. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, ती जवळजवळ धावत होती.

किनुए तिच्या मागे गेली नाही, निदान लगेच नाही. ती दुकानात गेली, वांग्याच्या लोणच्याचा डबा घेतला. सणाची तयारी म्हणून आज सगळे सभागृहात कंदील लावायला जमले होते, आणि डबा न्यायचं तिने कबूल केलं होतं. नुसतं वर गेलं तर कशाला आलीस असं झालं असतं. डबा हातात असला की प्रश्न येत नाही. एवढ्या घाईतही तिला हे सुचलं, आणि सुचलं याची तिला किळस आली.

फुसाएचं कार्ड लिफ्टला सातव्यापर्यंतच नेत असे. पुढचा मजला ती जिन्याने चढली होती. किनुए पोचली तेव्हा ती सभागृहाच्या काचेच्या दारासमोर उभी होती, दम लागलेली. दाराला कार्ड लागतं, आणि ह्या दारासाठी फुसाएचं कार्ड मंडळाने कधी चालू केलंच नव्हतं. आत वीस-बावीस माणसं होती. शिडीवर कोणी, जमिनीवर कंदील मांडून कोणी. आणि मागे, खिडकीपाशी, काचेच्या पेटीत बोटभर उंचीचा चकचकीत लाकडी जिझो.

फुसाए काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होती. आतली माणसं एकेक करून वळली. ओगिता भिंतीवरच्या बोलक्या डबीपाशी, इंटरकॉमपाशी, आले. त्यांचा आवाज बाहेर आला.

"काय काम होतं, निशिवाकी-सान?"

लहानपणी ते तिला फुसाचान म्हणत.

"ओगिता-सान, मला आत येऊ द्या. पाच मिनिटं. कोपऱ्यात बसेन, कोणाशी बोलणार नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ओगितांनी विचारलं. आतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. किनुएने डबा छातीशी धरला.

फुसाएला ती मागे उभी असल्याचं माहीत होतं. काचेत दिसत होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझं मलाच कळलं."

मग ती खाली बसली. गुडघे टेकले, दोन्ही तळवे फरशीवर ठेवले आणि कपाळ फरशीला लावलं. ज्या माफीची सगळी गल्ली इतकी वर्षं वाट बघत होती, ती तिने मागितली. पाच वर्षं सर्वांना ताटकळत ठेवलं, भाड्याच्या खोल्यांत तीन माणसं गेली, त्या तिघांची नावं तिने घेतली. चूक माझी होती, म्हणाली. आपला हट्ट मुलीपायी होता, असं एका शब्दानेही सांगितलं नाही. बोलक्या डबीतून तिचा आवाज आत फुटून फुटून जात असावा, कारण आतली एकजण कान पुढे करून ऐकत होती.

 ओगितांना हवं ते मिळालं होतं, आणि हातात आलेलं सोडून द्यायची त्यांना सवय नव्हती.

"विचार करतो," ते म्हणाले.

ओसाकात कोणी "विचार करतो" म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा होतो, हे दुकानदाराच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. परगावचा माणूस दुसऱ्या दिवशी उत्तर विचारायला येतो आणि हसं करून घेतो. फुसाए परगावची नव्हती.

"आभारी आहे," ती फरशीलाच म्हणाली. पण उठली नाही.

ओगितांची नजर तिच्यावरून मागे गेली. "अरे, किनुए-सान. बाहेर का उभ्या? या ना. कार्ड आहे ना तुमच्याकडे?"

कार्ड एप्रनच्या खिशात होतं. ते काढताना किनुएच्या बोटांना लाल लाळेरं लागलं. तिने ते खोल दाबलं आणि कार्ड बाहेर काढलं. दार तिच्या एका स्पर्शाने उघडणार होतं. ते धरून ठेवायचं, एवढंच. बावीस माणसं बघत होती, पण बघून करणार काय होती? फार तर उद्या एक टॉवेल तिच्या दाराच्या मुठीला लटकला असता.

दार उघडल्याचा आवाज झाला तशी फुसाएने मान वर केली. किनुएकडे तिने पाहिलं नाही. ती उघड्या दारातून सरळ खिडकीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलले, कोणाला तरी हाक मारावी तसे.

किनुए तिच्या खांद्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, अंग चोरून आत गेली. ते दार आपोआप बंद होतं.

"वांग्याचं आणलंत?" शिडीवरच्या बाईने विचारलं.

"हो," किनुए म्हणाली. "यंदा वांगी गोड निघालीत."